छप्परं मोजणारे भूषणदादा

अमेरिकेत डॅलसजवळच्या प्लेनोतल्या मराठी माणसाला घर घ्यायचं असलं की तो आधी बँकेला विचारतो, मग सासऱ्यांना आणि शेवटी बुद्धभूषण मेश्रामांना. बँक हो म्हणते, सासरे गप्प बसतात, आणि खरा निकाल मेश्राम देतात. "भूषणदादा, पत्ता पाठवलाय, जरा वरून बघता का?" एवढंच म्हणायचं. दादा चष्मा कपाळावर चढवतात, त्या घराचं आभाळातून काढलेलं चित्र उघडतात आणि दोन मिनिटांत घराची पत्रिका मांडतात.

"छपरानं एकदा गारांचा मार खाल्लाय. मागच्या अंगणात पाणी साचतं. शेजारी भांडखोर आहे."

"शेजारी भांडखोर आहे हे वरून कसं दिसतं?"

"कुंपण एकाच बाजूचं नवीन आहे."

राजेश नावाच्या एका पुणेकरानं हा सल्ला धुडकावून मागे पाणी साचणारंच घर घेतलं. पहिल्या पावसाळी आठवड्यात त्याच्या अंगणात बदकं उतरली ती गेलीच नाहीत. आता राजेशला सगळे 'बदकवाले' म्हणतात, आणि दादांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

दादांची नोकरीही हीच, फक्त अंगण मोठं. कोणी सरकार, कोणी विमा कंपनी, कोणी दानशूर संस्था त्यांच्या कंपनीला विचारते, की जगाच्या अमुक कोपऱ्यातल्या तमुक जागेला भविष्य आहे का? कंपनी आभाळातली चित्रं चाळून उत्तर देते. किनाऱ्यावरच्या गावांचं खातं दादांकडे. यातली गंमत अशी, की माणूस भंडारा जिल्ह्यातला, वाढला नागपुरात, आणि आयुष्यात समुद्र पहिल्यांदा पाहिला तो व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला गेला तेव्हा. आणि तेव्हाही मुलाखतीच्या धसक्यानं नीट बघायचा राहून गेला. पुढे नशिबी आलं प्लेनो. इथून समुद्र गाठायचा तर सकाळी गाडी काढून दुपारच्या जेवणापर्यंत हाकावी लागते. म्हणजे समुद्राची माहिती भरपूर, ओळख नाही.

पुण्याच्या प्रणितावहिनींनी यावर लग्नापासून तोंडसुख घेतलं आहे. त्या इथल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत आणि घरात वेदनाशामक म्हणून विनोद वापरतात. "आमच्या ह्यांना पोहता येत नाही," त्या पाहुण्यांना सांगतात, "पण भरती कधी येणार ते विचारा."

दादांनी आपल्या खात्यासाठी एक नियम बसवला होता. कंपनीत त्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं आणि त्याच्या आद्याक्षरांचे टी-शर्टही एकदा वाटले होते. पण मराठीत तो चार शब्दांचा होता: छप्पर गेलं, माणूस गेला. दरवर्षीची चित्रं एकावर एक ठेवायची. जी छप्परं यंदा दिसत नाहीत ती मोजायची. त्यावरून गाव रिकामं किती होतंय ते सांगायचं. पडक्या घरात कोणी राहत नाही आणि घर काही उठून चालू लागत नाही, इतका तो साधा हिशेब होता.

हा नियम त्यांना कुठून सुचला ते ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. वैनगंगेच्या काठावर दादांचं गाव होतं. 'होतं' हा शब्द इथे पूर्ण अर्थानं घ्यायचा, कारण ते एका धरणाच्या पाण्याखाली गेलं. सर्वांत आधी गेली ती नदीलगतची बौद्ध वस्ती. सरकारनं वर माळावर प्लॉट पाडून दिले, पण तिकडे निम्मे लोकही पोचले नाहीत. कोणी नागपूर धरलं, कोणी रायपूर, चुलते सुरतेला गेले ते कायमचे. विहारातली बुद्धमूर्ती दादांच्या वडिलांनी टेम्पोत मांडीवर घेऊन माळावर नेली. पण वंदनेला जमणारे चेहरे टेम्पोत बसवून नेता आले नाहीत. आजही दुपारी डबा खाताना दादा कधीकधी ती जागा स्क्रीनवर उघडतात. तिथे नुसतं हिरवट पाणी दिसतं. मग ते डबा बंद करून कामाला लागतात.

अशा माणसाच्या टेबलावर तांजुंग पारेबा आलं.

इंडोनेशियात सुलावेसी नावाचं बेट आहे. नकाशात ते झोपेत हातपाय फेकलेल्या माणसासारखं दिसतं. त्याच्या एका पायाच्या करंगळीवर हे गाव. गावाचं नाव शेजारच्या तालुक्यातही धड कोणाला माहीत नाही. लाकडी खांबांवर उभी घरं, समोर उथळ समुद्रात दोऱ्यांना बांधून वाढवलेलं समुद्रशेवाळ, पहाटे निघणाऱ्या होड्या. गावात बर्फ नाही. त्यामुळे मासळी दुपारच्या आत विकायची, आणि व्यापाऱ्यालाही हे माहीत असल्यामुळे तो दुपारी उशिरा येतो. एका दानशूर संस्थेला त्या भागात बर्फाची एक खोली बांधून द्यायची होती, म्हणजे बर्फ बनवायचं आणि मासळी ठेवायचं यंत्रघर. खोली एक, गावं तीन. कुठल्या गावाला भविष्य आहे ते दादांनी सांगायचं.

चित्रांसोबत एक जिवंत आवाजही मिळाला होता. गावातल्या शाळेच्या बाई, हस्ना त्यांचं नाव. तिकडे बाईंना आदरानं 'इबू' म्हणतात. दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिथल्या रविवारी सकाळी, इबू हस्ना व्हिडिओवर येत आणि आठवड्याची मासळी, शेवाळ, वारा सांगत. इंग्रजी त्यांचं शाळेतलं आणि दादांचंही शाळेतलंच, त्यामुळे दोघांचं झकास जमलं.

"जेवलात?" हा इबूंचा पहिला प्रश्न.

"जेवलो."

"मासे?"

"नाही. भात, वरण."

"बिचारे," असं म्हणून त्या कामाला लागत.

एकदा वहिनींनी स्क्रीनसमोर सुकटीची पिशवी धरली. इबूंनी ती ओळखली, आणि त्या दिवशी शेवाळाची आकडेवारी राहिली ती राहिलीच. प्लेनोत सुकट भाजली की शेजारी गॅसवाल्यांना फोन करतात, हे ऐकून इबू इतक्या हसल्या की त्यांच्यामागचा कोंबडा उडून गेला.

इकडे चित्रांतून गाव उतरत चाललेलं दिसत होतं. समुद्र दरवर्षी थोडा आत येत होता आणि पाण्यालगतची छप्परं एकेक करून नाहीशी होत होती. पाच वर्षांत चौदा गेली. मागे नारळाची दाट बाग, तिथे वरून झावळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. इबूंना एकदा विचारलं असतं तर विषय मिटला असता. पण दादांनी विचारलं नाही. स्वतःच्या बुडालेल्या गावाबद्दल कोणी विचारलं की त्यांना स्वतःला कसं होतं ते त्यांना ठाऊक होतं. 'तुमची किती घरं गेली हो?' हे एखाद्या बाईला सकाळी सकाळी विचारायचं? ते त्यांच्यानं होईना. त्यांनी हवापाणी विचारलं, शेवाळाचा भाव विचारला, आणि अहवालात लिहून दिलं: गाव रिकामं होत आहे, भविष्य नाही. बर्फाची खोली दुसऱ्या गावाला द्यावी.

अहवाल गेला. त्यानंतरच्या शनिवारी इबू नेहमीसारख्या पडद्यावर आल्या, पण त्यांच्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर नव्हतं, कपाट नव्हतं, काहीच नव्हतं.

"आज जास्त बोलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आज माझं घर जातंय."

शेजारी कणीस खात बसलेली पायल, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, खाणं थांबवून बघू लागली.

"मला फार वाईट वाटतं," दादा म्हणाले. "कुठे जाणार आता? मुलाकडे?"

"मुलाकडे कशाला? मागे. नारळाखाली. समुद्र फार जवळ आला, रात्री झोपू देत नाही."

"पण घर?"

"तेच सांगते आहे ना. घर जातंय." इबूंनी हा माणूस जेवलाय की नाही अशा नजरेनं पाहिलं आणि फोन फिरवला.

अंगणात साठ-सत्तर पुरुष जमले होते. घराच्या खांबांना आडवे लांब बांबू बांधलेले होते, आणि जो तो आपली जागा धरून बांबूखाली खांदा लावत होता. दोन म्हातारे कोणी कुठे उभं राहावं यावरून भांडत होते. तरण्या पोरांनी टोप्या उलट्या घातल्या होत्या. मग बासो नावाचे एक वाळकेसे गृहस्थ पुढे आले, त्यांनी सगळ्यांवर एक नजर टाकली, हात वर केला आणि काहीतरी ओरडले.

आणि घर उठलं. छपरासकट, खिडक्यांसकट, दारावरच्या फुलाफुलांच्या पडद्यासकट. क्षणभर डावीकडे कललं, कोणीतरी शिवी दिल्यासारखं बोललं, ते सरळ झालं आणि समुद्राकडे पाठ करून चालू लागलं. खाली सव्वाशे पाय. पडदा वाऱ्यावर हलत होता. बायका मागून टाळ्या पिटत, हसत, सूचना देत चालल्या होत्या. त्यांच्या सूचना कोणीही ऐकत नव्हतं.

"बाबा," पायल म्हणाली, "द हाउस इज वॉकिंग."

वहिनी पीठ लागलेल्या हातांनीच स्वयंपाकघरातून आल्या आणि उभ्याच राहिल्या. घर नारळांच्या बागेत शिरलं. झावळ्या बाजूला झाल्या आणि परत मिटल्या. फोन त्याच्यामागे आत गेला, आणि तिथे, सावलीत, दादांना ती दिसली. ओळीनं उभी. पत्र्याची छप्परं, लाकडी जिने, वाळत घातलेले कपडे.

"इबू, ही घरं?"

"आमचीच. आधी पुढे होती."

"सगळी उचलून आणली?"

"मग काय? समुद्र आला म्हणून शेजारी बदलायचे?" इबू म्हणाल्या. "तुम्हाला मी सांगितलं नव्हतं?" आणि मग स्वतःच हसल्या, कारण ही काय सांगायची गोष्ट आहे? धुणं वाळत घातलं हे कोणी अमेरिकेला फोन करून सांगतं का?

घर टेकलं. बांबू सुटले. केळ्याची भजी आणि माशाचा रस्सा घेऊन बायका पुढे झाल्या. जाता जाता इबू म्हणाल्या, "आज पलीकडच्या गावातून माणसं बोलवावी लागली. पूर्वी आपल्या मशिदीतले पुरायचे. आता पोरं निकेलच्या कारखान्यात जातात, लांब. आणखी काही वर्षांनी घर उचलायला खांदे कुठून आणायचे?" आणि त्या भजी खायला गेल्या.

स्क्रीन काळा झाला तरी दादा त्याच्यासमोरून हलले नाहीत.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"मी त्यांना मारून टाकलं."

"कोणाला?"

"चौदा घरांना. अन् गावाले बी." घाबरले की दादांचं नागपूर बाहेर येतं.

वहिनी समोर बसल्या. सगळं ऐकून घेतलं. आपल्या माणसानं बसवलेला नियम काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो कुठल्या पाण्यातून वर आला हेही.

"सोमवारी जाऊन सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगितलं तं नियमच जाते. तोच नियम लावून साठ गावं तपासली मी. आणि ऑफिसात माणसं कमी करणं चालू आहे."

"मग नका सांगू."

दादांनी चमकून पाहिलं.

"नाही सांगायचं तर नका सांगू," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "फक्त पुढच्या शनिवारी इबूंसमोर तुम्हीच बसायचं. त्या विचारतील, जेवलात का."

सोमवारी दादा देवांगसमोर उभे होते. देवांग त्यांचा साहेब. डोंबिवलीचा, दादांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, म्हणून हुकूमही 'दादा' लावून सोडायचा. त्यानं व्हिडिओ पाहिला, दोनदा पाहिला, 'क्या बात है' म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"दादा, रिपोर्ट सबमिट झाला ना यार."

"परत मागव."

"काय सांगून?"

"चुकला म्हणून. मी चुकलो म्हणून."

"एक गाव चुकलं, ते हँडल करता येईल. पण ते विचारतील, हाच रूल बाकीच्यांना लावलाय का?"

"लावलाय."

"मग?"

"मग तीही सगळी परत बघावी लागतील."

देवांगनं उठून दार लावलं. "तुम्हाला माहितीये ना इथे काय चाललंय? वर नावं काढतायत. अशा टायमाला कोणी स्वतः जाऊन हात वर करतं का? त्या नारळाखाली बघायला कोण जाणार आहे, सांगा मला."

"कोणीच नाही जाणार," दादा म्हणाले. "म्हणून तं."

देवांगनं कपाळाला हात लावला. पण पोरगा मनाचा वाईट नव्हता. त्यानं त्याच दुपारी संस्थेला फोन केला आणि वेळ मागितली. फोन ठेवल्यावर म्हणाला, "मीटिंगला तुम्हीच बोला. मी बाजूला बसून दुःखी चेहरा करतो."

संस्थेच्या प्रमुख बाई डॅलसहून आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. दादांनी घर चालताना दाखवलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे या गावाला भविष्य आहे," त्या म्हणाल्या.

आता फक्त मान डोलवायची होती. देवांगनं तर टेबलाखालून पायही लावला. पण दादांना एक सवय आहे, पुण्याईची की घातक ते देव जाणे, आणि दादा देव मानत नाहीत. ती म्हणजे बघितलेलं अर्धं सांगता येत नाही.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी छप्परं मोजत होतो. मोजायचे होते खांदे. आणि खांदे कमी होतायत. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातून आणावे लागले. पोरं कारखान्यांत जातायत."

"तुम्ही गावाची बाजू मांडायला आलात ना?" बाईंनी विचारलं. "मग हे का सांगता?"

"कारण हेही खरं आहे."

"मग मी काय करावं असं तुमचं मत आहे?"

दादांनी आयुष्यभर घरांना, अंगणांना, किनाऱ्यांना भविष्यं वाटली होती. यावेळी त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. "आमच्या गावाला कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. कुठलं गाव, हे खोलीत कोणालाच कळलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. "या गावात माणसं अजून एकमेकांच्या घराखाली उभी राहतात. बर्फ असेल तर मासळीला भाव येईल. भाव आला तर काही पोरं थांबतील. किती, ते मी वरून सांगू शकत नाही."

बाईंनी लगेच काही सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी कळवलं, की बर्फाची खोली तांजुंग पारेबाला. दादांच्या कंपनीनंही कळवलं, की किनाऱ्यांचं खातं यापुढे दुसऱ्याकडे. नियम रद्द झाला, टी-शर्ट मात्र अजून लोक घालतात. नोकरी राहिली. साठ गावांना एकेक करून फोन लावायचे आणि गेलेल्या प्रत्येक छपराबद्दल 'ते घर कुठे आहे?' असं विचारायचं, हे काम दादांना मिळालं. पद खाली गेलं, पगारही थोडा उतरला. पायलनं विचारलं, "सो इट्स लाइक अ कॉल सेंटर?" दादा म्हणाले, "हो. पण लोक जेवायला विचारतात." बरीचशी उत्तरं वाईटच येतात. घर पडलं, माणसं गेली, कुठे ते माहीत नाही. दादा तेही लिहून घेतात, आणि अशा दिवशी घरी आल्यावर वहिनी त्यांना काही विचारत नाहीत.

बर्फाच्या खोलीचा नकाशा तयार झाला तेव्हा संस्थेचा तरुण इंजिनिअर दादा आणि इबूंच्या अजूनही चालू असलेल्या शनिवारच्या फोनवर आला. त्यानं चित्र दाखवलं: सुबक पांढरी खोली, खाली काँक्रीटचा जाड ओटा, शंभर वर्षं न हलणारा. इबूंनी ते बासो आणि इतर मंडळींना समजावून सांगितलं. तिकडे बराच वेळ चर्चा झाली. मग इबू म्हणाल्या, "सगळ्यांना आवडलं. बासो एकच विचारतायत. उचलायला किती माणसं लागतील?"

इंजिनिअर हसला. मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबला. "ही उचलायची नाही," तो म्हणाला. "ही पक्की आहे."

"समुद्रही पक्का आहे," इबू म्हणाल्या.

इंजिनिअरनं दादांकडे पाहिलं. दादांनी त्याला विचारलं, "खांबांवर बसवली तर वजन किती?" त्यानं नाखुशीनं हिशेब केला आणि आकडा सांगितला. इबूंनी तो पुढे पोचवला. बासो खाली मांडी घालून बसले आणि एकेक नाव घेऊ लागले. कोण गावात आहे, कोण होडीवर आहे, कोण कारखान्यात आहे पण सणाला येतो, कोणाचा गुडघा गेलाय. दोन नावांवर वाद झाला. एकाच्या बायकोनं मागून ओरडून त्याचं नाव काढायला लावलं. बराच वेळ गेला. इंजिनिअर घड्याळ बघू लागला होता. दादांनी त्याला हातानंच थांबवलं.

"थोडे कमी पडतात," इबूंनी सांगितलं. "बासो म्हणतात, यंत्र आधी वेगळं नेलं आणि भिंती सुट्या करता आल्या तर पुरतील. आज तरी पुरतील."

दादा इंजिनिअरकडे वळले.

"ओटा खोड," ते म्हणाले. "आणि भिंती सुट्या कर."